प्रौढ बौद्धिक दिव्यांगांसाठी निवासी संस्था निवडताना : काय पाहायचं, काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं

‘आमच्यानंतर याचं काय?’ हा प्रश्न आईवडील मूल लहान असल्यापासून मनात बाळगतात. संस्था शोधायला मात्र बहुतेक घरं बाहेर पडतात ती कुणाचं तरी ऑपरेशन झाल्यावर, कुणी गेल्यावर, घाईत. घाईत माणूस इमारत बघतो, बाग बघतो, ऑफिसातला चहा पिऊन आणि पैसे भरून येतो. काळजी मात्र इमारत घेत नाही. ती संध्याकाळी सात ते सकाळी सात या वेळात, दोन-तीन मावश्यांच्या हातून घडते किंवा घडत नाही. ती कशी ओळखायची आणि प्रवेशानंतर टिकते की नाही हे कसं बघायचं, त्यासाठी हा लेख आहे. संदर्भ महाराष्ट्राचा आहे. तुम्ही परदेशात असाल आणि भाऊ किंवा बहीण इथे असेल, तर पायरी २ आणि १० आधी वाचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट. बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे कायदेही वेगळे आहेत. सगळ्यांना एकत्र ठेवणारी संस्था दिसली, म्हणजे बौद्धिक दिव्यांग, स्किझोफ्रेनियाचे रुग्ण, व्यसनमुक्तीसाठी आलेले आणि निराधार वृद्ध एकाच छताखाली, तर तिथूनच परत फिरा. एवढ्या वेगवेगळ्या गरजांची काळजी तेच चार कर्मचारी घेऊ शकत नाहीत. त्यात मार खातो तो बोलता न येणारा.

१. निवास हवाच आहे का, आणि कोणत्या प्रकारचा?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ५ सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच व्यवस्थेत राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. म्हणजे निर्णयात त्या व्यक्तीचं म्हणणं धरायचं असतं. बोलता येत नसेल तरी पसंती-नापसंती कळते. भेट देऊन परतल्यावर जेवण, झोप आणि चेहरा बघा.

पर्याय असे : फक्त दिवसाची कार्यशाळा, काही दिवसांचा तात्पुरता निवास, आठ-दहा जणांचं छोटं घर आणि मोठी आजीवन निवासी संस्था. पालकांनी एकत्र येऊन उभारलेल्या संस्थाही आहेत, उदाहरणार्थ बदलापूरचं ‘आधार’ किंवा डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’. अशा ठिकाणी प्रतीक्षायादी असू शकते, म्हणून पाच-सात वर्षं आधी नाव नोंदवा.

योग्य वेळ म्हणाल, तर आईवडील चालतेफिरते असताना, दर आठवड्याला भेटायला जाऊ शकत असताना. पहिल्यांदा ३ दिवस, मग ८, मग महिना अशा पायऱ्या करा. आईचं निधन आणि घर सुटणं एकाच आठवड्यात झालं की त्या माणसाला दोन्हींतला फरक कळत नाही. आई गेली ती आपल्याला इथे टाकून, एवढंच उरतं.

२. घरातले कागद आधी तयार करा

लागणारी कागदपत्रं :

- वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल
- आधार कार्ड, जन्मदाखला, रेशनकार्डाची प्रत, फोटो
- कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र
- निरामय आरोग्य विम्याचं कार्ड
- रक्तगट, लसींची नोंद, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बीची तपासणी
- सध्याच्या औषधांची मूळ चिठ्ठी, आधीच्या भरतीची कागदपत्रं
- फिटचा त्रास असेल तर गेल्या वर्षभरातल्या फिटच्या तारखा

यातला पालकत्वाचा दाखला बहुतेक घरांत नसतो. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार आत्ममग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. पालकत्वाचा अर्ज तिच्याकडे करायचा. आईवडील, भाऊ-बहीण किंवा इतर नातेवाईक अर्ज करू शकतात. नेमणुकीनंतर ६ महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशेब. बँक खातं चालवायला हाच दाखला उपयोगी पडतो.

नोंदणीकृत संस्थाही पालक होऊ शकते. पण ज्या संस्थेत माणूस राहतो, तीच त्याची एकमेव पालक झाली तर तिच्याविरुद्ध तक्रार करायची कुणी? शक्यतो पालक कुटुंबातला किंवा बाहेरचा ठेवा आणि आईवडील असतानाच पुढच्या पिढीतल्या एकाची मानसिक आणि कागदोपत्री तयारी करून ठेवा.

निरामय योजना राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या वर दिलेल्या चार गटांसाठी आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. नूतनीकरण विसरू नका. सरकारी नोकरीतल्या किंवा निवृत्त पालकांनी दिव्यांग अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवावं. नंतर ते काम भावंडांना फार जड जातं.

३. संस्थेचे कागद : ट्रस्टची नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. भिंतीवर फ्रेममध्ये एक प्रमाणपत्र असतं, ते धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचं. त्याचा अर्थ एवढाच की ही एक सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे. मंडळ म्हणून ती वाचनालयही चालवू शकते. दिव्यांगांना ठेवून घेण्यासाठी २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० आणि ५१ खाली वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, त्याला मुदत असते, आणि त्याची प्रत संस्थेत दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. ते बघा. मुदत संपलेली असेल तर नूतनीकरणाच्या अर्जाची पोच मागा. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी करायचा असतो. ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तर पोच दाखवल्याशिवाय मान्य करू नका. खात्री करायची तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात किंवा जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

प्रमाणपत्रावर चार गोष्टी वाचा : पत्ता हाच आहे का, मंजूर संख्या किती, मुलं की प्रौढ, पुरुष की स्त्रिया. मंजुरी एवढ्यांची आणि खाटा त्याच्या दीडपट, असं दिसलं तर पुढचं काही बघायला नको.

धर्मादाय कार्यालयात संस्थेचे लेखापरीक्षित हिशेब सादर झालेले असतात. मागच्या ३ वर्षांचे बघा. पगारावर आणि जेवणावर एकूण खर्चाचा किती भाग जातो, ते बघायला हिशेबनीस लागत नाही. तिथल्याच नोंदवहीच्या उताऱ्यावर (परिशिष्ट १) विश्वस्तांची नावं असतात. सगळे एकाच घरातले असतील, तर म्हातारे संस्थापक गेल्यावर संस्था कोण चालवणार हे थेट विचारा. तुम्ही ४० वर्षांसाठी जागा शोधत आहात, संस्थापक ७२ वर्षांचे आहेत.

४. भेट : एकदा सांगून, दोनदा न सांगता

पहिली भेट कळवून करा. दुसरी संध्याकाळी साडेसहा-सातला, तिसरी रविवारी दुपारी. रविवारी कार्यशाळा बंद असते, शिक्षक नसतात आणि खरं मनुष्यबळ उघडं पडतं. ‘मुलं बिथरतात’ म्हणून आतल्या खोल्या दाखवायला कायमच नकार मिळत असेल, तर ते कारण समजू नका.

आत गेल्यावर हे बघा :

कपाट. प्रत्येकाला स्वतःचं आहे का, आणि त्यातले कपडे त्याचेच आहेत का? कपड्यांवर धाग्याने किंवा मार्करने नाव आहे का? धुतलेल्या कपड्यांचा एकच ढीग आणि त्यातून हाताला येईल ते घालणं ही निकृष्ट काळजीची सगळ्यात पक्की खूण आहे. त्यातही अंतर्वस्त्रं सामायिक असतील तर खरूज आणि नायटा सगळ्यांना होणारच.

संडास-बाथरूम. दार आतून लागतं, पण बाहेरून उघडता येतं, अशी कडी हवी. धरायला दांडा, न घसरणारी फरशी, नळाला पाणी, साबण. प्रत्येकाचा ब्रश, टॉवेल आणि कंगवा वेगळा, नावासकट. आंघोळीच्या बादलीत आधी थंड आणि मग गरम पाणी घेतात की उलट, हे मावशींना विचारा. आधी गरम पाणी घेऊन ठेवलेल्या बादलीत हात घालून भाजण्याचे अपघात होतात.

डोकी. सगळ्या बायकांचे केस एकसारखे पोरासारखे कापलेले असतील, तर विचारा की हे कुणी ठरवलं. उवा झाल्या की उपचार करायचे असतात. सरसकट केस कापणं हे कर्मचारी कमी असल्याचं लक्षण आहे.

वास. फिनाईलचा भपका आणि लघवीचा वास, दोन्ही सांगतात की फरशी पुसली जाते, माणसाचे ओले कपडे बदलले जात नाहीत. डायपर वापरणाऱ्यांना दिवसातून किती वेळा बदलतात ते विचारा, मग महिन्याची डायपरची खरेदी विचारा आणि भागाकार करा. १० जण, रोज ४ म्हणजे महिन्याला १,२०० डायपर. बिलं ४०० ची असतील तर उत्तर मिळालं.

ताट. आठवड्याचा तक्ता भिंतीवर असतो, तुम्ही त्या दिवशीचं पातेलं बघा. डाळ किती घट्ट, भाजी आहे की रस्सा, दूध-अंडी कधी. ज्यांना गिळताना त्रास होतो त्यांना पोळी कुस्करून, भात मऊ करून देतात का, आणि ताठ बसवून भरवतात का? आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. अशा माणसांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे.

दिवस. १० ते ५ काय चालतं? पणत्या, कागदी पिशव्या, मसाले, बागकाम, स्वयंपाकात मदत. नुसता चालू टीव्ही हा कार्यक्रम नव्हे. मालाची विक्री होत असेल तर मानधन कुणाच्या पासबुकात जातं ते विचारा. आणि कर्मचारी चाळीस वर्षांच्या माणसाशी कसं बोलतात ते ऐका. बऱ्याच संस्थांत सगळ्यांना ‘मुलं’ म्हणतात. त्यात प्रेम असतं हे मान्य, पण दाढी कधी करायची आणि कुठला शर्ट घालायचा हे ठरवायची संधीही मग ‘मुलांना’ मिळत नाही.

५. माणसं मोजा

‘आमच्याकडे २० जणांचा स्टाफ आहे’ यात ड्रायव्हर, हिशेबनीस, माळी आणि शिक्षक सगळे आले. तुम्ही विचारायचं ते असं : आत्ता, या क्षणी, हाताने काम करणारे किती? रात्री अकराला किती? त्यांतले जागे किती?

हिशेब साधा आहे. हाताने भरवावं लागणाऱ्या माणसाला एका जेवणाला २० ते ३० मिनिटं लागतात. एका मावशीकडे असे ४ जण असतील तर दीड ते दोन तास गेले. शेवटच्याला गार जेवण मिळणार, नाही तर घाईत कोंबलं जाणार. स्वतः कूस न बदलता येणाऱ्याला दर २ तासांनी वळवावं लागतं. नाही तर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. तेव्हा रात्री १० ते ६ या वेळात झोपलेली एक मावशी २५ जणांची काळजी घेऊ शकत नाही, ती कितीही मायाळू असली तरी.

किती जण वर्षभरापेक्षा जास्त टिकले, हेही विचारा. सारखी माणसं बदलत असतील तर पगार बघा, राहायची जागा बघा. ज्या संस्थेत मावश्यांना आठवड्याची सुट्टी नाही, तिथे आपल्या माणसाशी कुणी सबुरीने वागेल अशी अपेक्षा धरणं चूक आहे.

६. औषधं आणि दवाखाना

औषधांचं कपाट कुलुपात हवं, प्रत्येकाचा वेगळा डबा हवा, आणि रोजच्या प्रत्येक डोसला देणाऱ्याची सही हवी. रजिस्टर मागा. दोन गोष्टी खटकायला हव्यात : रिकामे रकाने, आणि पुढच्या तारखांच्या आधीच झालेल्या सह्या. दुसरी जास्त वाईट. पडताळा गोळ्या मोजून घ्या. १ तारखेला ६० गोळ्या आणल्या, दिवसाला २, तर ११ तारखेला सकाळच्या डोसआधी ४० उरायला हव्यात. ४६ उरल्या असतील तर ६ डोस चुकले. फिटच्या औषधाच्या बाबतीत ६ डोस म्हणजे थेट दवाखाना.

फिट आली तर काय करता, हा प्रश्न ऑफिसात विचारू नका, मावशींना विचारा. बरोबर उत्तर असं : कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, ५ मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब रुग्णालय. कांदा, चप्पल, चमचा ही उत्तरं मिळाली तर प्रशिक्षण झालेलं नाही.

शांत करण्याच्या गोळ्या हा वेगळाच विषय आहे. रिस्पेरिडोन, ओलान्झापिनसारखी औषधं काहींना खरोखर लागतात. पण कर्मचारी कमी असले की तीच कोंडून ठेवणाऱ्या भिंतीसारखी वापरली जातात. सकाळी अकरालाही अर्धे जण पेंगत असतील, लाळ गळत असेल, चाल अडखळती असेल, तर कोण किती औषध घेतं हे विचारा. प्रत्येक अशा औषधाला मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी, कारण आणि किमान दर ६ महिन्यांनी फेरतपासणी हवी. प्रवेशानंतर नवीन औषध सुरू करायचं तर पालकाला आधी कळवायचं, हे करारात लिहून घ्या.

त्याआधी एक गोष्ट घरच्यांनी आणि संस्थेने दोघांनीही पाठ करावी. सांगता न येणारा माणूस अचानक डोकं आपटायला लागला, चावायला लागला, जेवण सोडलं, तर पहिला संशय दुखण्यावर घ्या. दात, कान, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, पाळीतलं पोट. ‘त्याचा स्वभावच तसा’ असं म्हणून दात किडलेला राहतो आणि माणसाला गोळी वाढवून मिळते. बद्धकोष्ठ तर क्षुल्लक समजलं जातं, पण त्यातून आतडं अडकून जीव जाऊ शकतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांची शौचाची रोजची नोंद हवी, आणि ३ दिवस झालं नाही तर डॉक्टरला कळवायला हवं.

संस्थेत कायम चालू असावं असं :

- महिन्याला वजन. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो वजन विनाकारण उतरलं तर डॉक्टरकडे.
- वर्षाला दात, डोळे, कान, रक्त तपासणी.
- डाऊन सिंड्रोम असेल तर वर्षाला थायरॉइड, आणि चाळिशीनंतर विसरणं, चालणं, शौचावरचा ताबा यांतल्या बदलावर लक्ष. त्यांच्यात स्मृतिभ्रंश लवकर येऊ शकतो.
- हिपॅटायटिस बीच्या ३ लसी : पहिली, महिन्याने दुसरी, पहिलीनंतर ६ महिन्यांनी तिसरी. एकत्र राहण्याच्या जागी ही हवीच. प्रवेशाआधी घरूनच सुरू करा.

७. सुरक्षितता : इथे संकोच करू नका

१९९४ साली शिरूरच्या एका वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवर पुण्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कारण दिलं गेलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. आज कायदा स्पष्ट आहे : व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही प्रक्रिया करता येत नाही. ‘प्रवेशाआधी ते ऑपरेशन करून आणा’ असं अजूनही कुणी कानात सुचवलं, तर ती संस्था तुमच्यासाठी नाही. पाळीची सवय चित्रांच्या तक्त्याने आणि तीन-चार महिन्यांच्या सरावाने अनेकींना लागते. जिला लागत नाही तिला मावशींनी मदत करायची, ते त्यांचं कामच आहे.

विचारायचे प्रश्न : स्त्रियांची आंघोळ आणि कपडे फक्त स्त्री कर्मचारीच करतात का? रात्री स्त्रियांच्या विभागात पुरुष येऊ शकतो का, चावी कुणाकडे असते? कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी झाली आहे का? कॅमेरे वऱ्हांड्यात आणि जेवणघरात हवेत, बाथरूममध्ये नकोत. चित्रण किती दिवस ठेवतात तेही विचारा.

‘आवरत नाही तेव्हा काय करता?’ हा प्रश्न सहज म्हणून टाका. ‘थोडा वेळ खोलीत ठेवतो’, ‘ओढणीने बांधतो’ ही उत्तरं प्रामाणिकपणे येतात, कारण सांगणाऱ्याला त्यात चूक वाटत नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीच्या आश्रमात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. म्हणून रात्री झोपण्याच्या खोल्यांना बाहेरून कुलूप असतं का, हे स्वतः जाऊन बघा. बाहेर पडायचे दोन मार्ग, चालू स्थितीतली अग्निशामक नळकांडी आणि चाकाच्या खुर्चीतली माणसं तळमजल्यावर, एवढं तरी हवंच.

८. पैसे आणि करार

करार स्टँपपेपरवर, दोन्ही बाजूंच्या सह्यांचा असावा. त्यात काय लिहून घ्यायचं :

- मासिक शुल्कात काय काय येतं. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबत बसणारा माणूस हे बहुतेक ठिकाणी वेगळं असतं.
- अनामत किती, परत कधी मिळणार, काय वजा होणार.
- शुल्कवाढ वर्षाला जास्तीत जास्त किती.
- संस्था काढून टाकू शकते ती कोणत्या कारणाने आणि किती दिवसांची सूचना देऊन. ९० दिवस मागा.
- रुग्णालयात नेण्याचा निर्णय कोण घेणार, पालकाला किती तासांत कळवणार.
- कोणत्याही वेळी भेटण्याचा आणि नोंदी बघण्याचा हक्क.
- मृत्यू झाल्यास कोणाला कळवायचं, अंत्यविधी कुणी करायचा. लिहायला हात धजत नाही, पण लिहा.

‘आजीवन एकरकमी’ योजनांबाबत फार जपून. २०-२५ लाख एकदम भरले आणि काळजी घसरली तर तुम्ही अडकता. परत मागायला कोर्ट. त्यापेक्षा मासिक शुल्क आणि मागे वेगळा ठेवलेला निधी बरा. तो किती लागेल याचा अंदाज घ्या : आज १५,००० रुपये महिना, वर्षाला ८ टक्के वाढ धरली, तर १० वर्षांनी ३२,००० च्या वर आणि २० वर्षांनी ७०,००० च्या घरात. सक्तीची ‘देणगी’ मागितली तर पावती कसली देणार ते आधीच विचारा. रोख आणि बिनपावतीचं नको.

घर किंवा जमीन संस्थेच्या नावे करू नका. आपल्या माणसासाठी खाजगी विश्वस्त निधी करा, मृत्युपत्रात त्याचा उल्लेख करा, विश्वस्त किमान दोन ठेवा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही बँकेत जाण्याआधी लक्षात घ्या.

९. ओळखवही आणि पहिले तीन महिने

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये जे मावत नाही तेच काळजी घेणाऱ्याला लागतं. म्हणून ८-१० पानांची वही करा, मोठ्या अक्षरात, फोटो लावून, आणि एक प्रत खोलीत टांगा. त्यात ‘मनमिळाऊ आहे’ असं लिहू नका, उपयोगाचं लिहा. उदाहरणार्थ : ‘मम्म’ म्हणजे पाणी. कान ओढायला लागला की कान दुखतोय. फटाक्यांना घाबरतो, दिवाळीत आत बसवावं. उजव्या हाताने भरवलेलं घेतो. शौचाला बसल्यावर दोन मिनिटं एकटं सोडावं लागतं. झोपताना निळी गोधडी. वांगं खाल्लं की अंगावर पुरळ येतं. शांत करायचं तर हरिपाठ लावा, हात धरू नका.

कपडे ८ जोड, सगळ्यांवर नाव. मऊ, चेन नसलेले. चपला दोन. सोनं नको. घरातली एक वापरलेली चादर न धुता द्या, वास ओळखीचा असतो.

‘पहिला महिनाभर भेटू नका, रुळू द्या’ असं काही संस्था सांगतात. हे ऐकू नका. भेट झाल्यावर रडणं हे न रुळल्याचं लक्षण नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा, मग दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी जा. कॅलेंडरवर त्या दिवसाला खूण करून ठेवा, म्हणजे त्यालाही वाट बघता येते. तीन महिन्यांनंतर वजन, झोप, त्वचा, बोलणं आणि औषधांची यादी प्रवेशाच्या दिवसाशी ताडून बघा. त्यासाठी प्रवेशाच्या दिवशीच वजन लिहून ठेवा आणि पूर्ण फोटो काढा.

१०. नंतरच्या भेटी आणि तक्रार

ज्यांच्याकडे कुणी येत नाही त्यांची काळजी आधी घसरते. म्हणून भेटी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी कराव्यात. परदेशातल्या भावाने आठवड्याला व्हिडिओ कॉल करावा, पण तेवढ्यावर राहू नये. गावातल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा मित्राला लेखी अधिकारपत्र देऊन महिन्यातून दोनदा पाठवावं. कॉलवर फक्त चेहरा दिसतो. भेटीत नखं, हिरड्या, टाचा, कानामागे, मांडीच्या आतल्या बाजूला बघा. इतर पालकांचे नंबर घ्या. पालकसभा होत नसेल तर चौघं मिळून मागणी करा. एकट्या पालकाला ‘तुम्हाला पटत नसेल तर घेऊन जा’ म्हणता येतं, चाळीस जणांना नाही.

जखम दिसली तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, कागदावर शरीराची आकृती काढून खूण करा, संस्थेकडून लेखी खुलासा मागा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. फोनवर भांडू नका, लिहून द्या आणि पोच घ्या.

तक्रार कुठे :

- छळ, मारहाण, उपासमार : २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे. ही माहिती कुणीही देऊ शकतं, नातेवाईकच असायला हवा असं नाही. पोलिसांत गुन्हा वेगळा. कलम ९२ खाली ६ महिने ते ५ वर्षं शिक्षा होऊ शकते.
- लैंगिक अत्याचार : लगेच पोलिस, ११२. पीडित दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिच्या राहत्या किंवा तिला सोयीच्या जागी येऊन, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत, चित्रीकरणासह जबाब नोंदवायचा असतो. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. सरकारी असो की खाजगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात.
- नोंदणी, गर्दी, सोयींचा अभाव : राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.
- पैशाचा गैरव्यवहार : धर्मादाय आयुक्त.
- कायदेशीर पालकच दुर्लक्ष करतो किंवा मालमत्ता खातो : स्थानिक स्तर समिती. ती पालकाला काढू शकते.

तक्रार करण्याआधी पर्यायी जागा, निदान महिनाभराची, ठरवून ठेवा आणि धोका असेल तर माणसाला आधी बाहेर काढा. निघताना औषधांची चिठ्ठी, मूळ कागद, पासबुक आणि ओळखवही मागून घ्या, आणि काय काय मिळालं याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.